टाकळा उपटण्यापूर्वी

गणपती उठले की सोसायटीच्या ग्रुपवर एक सूचना हमखास पडते. दसरा-दिवाळी तोंडावर आली आहे, आवारात रान माजलं आहे, सबब रविवारी गवतकापणी होईल, भिंतीलगतच्या गाड्या हलवाव्यात. रविवारी पेट्रोलवरचं कटर खांद्याला अडकवून दोघं जण येतात. दुपारपर्यंत कुंपणाच्या कडेची सगळी हिरवी दाटी भुईसपाट होते, ओल्या गवताचा वास जिन्यापर्यंत येतो आणि संध्याकाळी फेरफटका मारणारी मंडळी म्हणतात, आता कसं मोकळं मोकळं वाटतंय!

कापणीला हरकत नाही, हरकत आहे ती मुहूर्ताला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पावसाळ्यातली हिरवळ भाद्रपदात पुरी वाढते, तिच्यावर पोसलेल्या अळ्या त्या सुमारास कोशात जातात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा फुलपाखरांचा वर्षातला सुगीचा काळ ठरतो. २०२० पासून देशभरातले निरीक्षक सप्टेंबर महिना ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून पाळतात, वही-कॅमेरा घेऊन नोंदी करत फिरतात. नेमक्या त्याच हंगामात शहरभर कटर फिरत असतं. वर्षाच्या बावन्न आठवड्यांतून सर्वांत वाईट आठवडा निवडा असं कुणी सांगितलं असतं, तरी याहून अचूक निवड झाली नसती.

वन्यजीवांसाठी बाग म्हटलं की लोक विचारतात, कोणती झाडं लावू? प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. काय लावायचं याच्या आधी काय उपटायचं नाही आणि कात्री कधी चालवायची हे ठरवावं लागतं. आपल्याकडे पाऊस चार महिने स्वतःच पेरणी करतो. माळ्याचं निम्मं काम तो फुकट करून ठेवतो. ते आपण दिवाळीच्या तोंडावर पैसे देऊन मोडतो, इतकंच.

त्या ‘रानात’ असतं तरी काय? पुण्या-ठाण्याकडच्या कुठल्याही कंपाउंडच्या कडेला टाकळा असतो, कुर्डू असतो, आघाडा, भुरुंडी, घोळ, एकदांडी असते आणि एखाद्या कोपऱ्यात भिंतीच्या फटीतून उगवलेली रुई असते. टाकळा आषाढात कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो. पुढे तो जून झाला की ‘ग्रास यलो’ नावाची लहानशी पिवळी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात, आणि ‘एमिग्रंट’ जातीची, जरा मोठी, सुसाट उडणारी फुलपाखरंही. कुर्डूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांवर मधासाठी दिवसभर झुंबड असते. भुरुंडीचं प्रकरण और आहे. तिच्या आणि खुळखुळ्याच्या वाळत चाललेल्या झाडांवर ‘टायगर’ आणि ‘क्रो’ जातींच्या फुलपाखरांचे नर गोळा होतात, तिथला रस शोषतात. त्यातल्या अल्कलॉइडांपासून ते माद्यांना आकर्षून घेणारा गंध तयार करतात. म्हणजे आपल्या लेखी वाळून गेलेलं, काढून टाकायच्या लायकीचं झाड त्यांच्या लेखी लग्नाच्या बाजारातलं अत्तराचं दुकान.

रुई जरा जवळून बघण्यासारखी आहे. ऑक्टोबरातल्या सकाळी एखादं पान उलटं करा. खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. ‘प्लेन टायगर’ची मादी एका जागी घोळका करून अंडी घालत नाही. शेजारच्या पानावर अळी असेल तर ती लपलेली नसते, कारण तिला लपायचं कारणच नाही. अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी. अळी आधी पान कुरतडून चीक निथळू देते आणि मग खायला बसते. तरी जे विष पोटात जातं ते ती अंगात साठवते, आणि ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एखाद्या पक्ष्यानं एकदा चव घेतली की भगव्या-काळ्या पंखांची ती जाहिरात त्याच्या लक्षात राहते. त्याच रुईच्या शेंड्यावर पिवळाजर्द मावा दाटलेला असतो आणि माव्यामागे ढालकिडे आलेले असतात. पूजेला पानं नेणाऱ्यांखेरीज त्या झाडाकडे कुणी फिरकत नाही, पण हातभर झाडावर पूर्ण मोहल्ला नांदत असतो.

गोष्ट इथे संपत नाही. भिंतीच्या पायथ्याशी, फरशीच्या फटीत पसरलेली घोळ ही ‘डॅनेड एगफ्लाय’ या फुलपाखराच्या अळ्यांचं खाद्य. या जातीचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, ठिपक्यांना जांभळी झाक. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी! तिच्या अंगात विष नाही. ती टायगरच्या बदलौकिकावर जगते. पण तो बदलौकिक टिकायचा तर खरे विषारी टायगर आसपास भरपूर हवेत. म्हणजे घोळ ठेवली आणि रुई उपटली, तर घोळीवरच्या मादीचं सोंग हळूहळू उघडं पडायचं. दोन तणं, दोन हातांच्या अंतरावर, आणि एकीचं नशीब दुसरीच्या हाती.

असंच सोंग घरोघरच्या कढीपत्त्यावरही चालतं. कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांच्यावर ‘कॉमन मॉर्मन’च्या अळ्या वाढतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, डोक्यामागे डोळ्यांसारखे ठिपके. काडीनं डिवचलं तर मानेतून केशरी-लाल दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. यातून निघणाऱ्या माद्या एका छापाच्या नसतात. काही नरासारख्या दिसतात, काही ‘कॉमन रोझ’ या विषारी फुलपाखराची नक्कल, काही ‘क्रिमसन रोझ’ची. एकाच आईच्या पोटी इतकी रूपं कशी, याचं उत्तर पुण्यातून पुढे आलेले फुलपाखरू-अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं: ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक सगळा कारभार पाहतं. आपण मात्र पोह्यांच्या फोडणीला पानं तोडताना कुरतडलेली फांदी दिसली की ती झटकून टाकतो. कढीपत्त्याचं झाड कमरेएवढं झालं की अळ्यांनी चार फांद्या खाल्ल्या तरी ते महिन्याभरात पुन्हा फुटतं. कुंडीतलं बारकं रोप असेल तर वेगळी गोष्ट. तिथे एका अळीचंही जेवण भागत नाही. अशा वेळी अळी उचलून मोठ्या झाडावर, लिंबावर किंवा बेलावर सोडावी.

ठाण्याला घोडबंदर रस्त्यालगत ओवळे गावात राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली आहे, तिचं नाव ओवळेकर वाडी. तिथे जाळी नाही, काचेचा घुमट नाही, तिकीट काढून बघायचे पिंजरे नाहीत. फुलपाखरांनी यायचं तर यावं, जायचं तर जावं. ती येतात ती दोन कारणांनी: पलीकडे येऊरचं जंगल आहे आणि अलीकडे अळ्यांना खायला पानं आहेत. पाहुणे फुलांवरच्या रंगांचे फोटो काढतात, पण वाडीचं मर्म फुलांपेक्षा कुरतडलेल्या, चाळणी झालेल्या पानांत आहे. नर्सरीत असं झाड कुणी विकत घेणार नाही. आयझॅक किहीमकर, ज्यांचं भारतीय फुलपाखरांवरचं जाडजूड पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं २००८ मध्ये काढलं, तेही शहरी बागांबद्दल बोलताना अळीच्या खाद्यझाडांवर भर देतात. मध पाजणारी हॉटेलं पुष्कळ असतात, बाळंतपणाची सोय कुठे आहे ते महत्त्वाचं.

महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखरू केलं. राज्य फुलपाखरू घोषित करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मखमली काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेलं हे मोठं फुलपाखरूही लिंबाच्याच कुळावर वाढतं. बागेत बकोऱ्याच्या लाल गुच्छांवर ते थरथरत मध पितं. घोषणेचं कौतुक झालं, पोस्टरं निघाली. लिंबाच्या रोपावरची अळी दिसली की फवारा मात्र तसाच चालू राहिला.

फवाऱ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘सेंद्रिय’ शब्दानं बरेच जण निर्धास्त होतात. निंबोळी अर्क अळ्यांची भूक मारतो. बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, अळ्यांना मारण्यासाठीच वापरतात, आणि तो कोबीवरची अळी आणि मॉर्मनची अळी यांत भेद करत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसात, परागात, मधात उतरतात; युरोपीय संघानं २०१८ मध्ये ती उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. आपल्याकडे ती खतांच्या दुकानात पुडीत मिळतात. नर्सरीतून आणलेलं तुकतुकीत, एकही भोक नसलेलं रोप त्यामुळे जरा संशयानं बघावं. ते काही आठवडे वेगळं ठेवावं, नवी पालवी येऊ द्यावी.

नर्सरीतली आणखी एक फसगत म्हणजे दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची फुलं. दसऱ्याच्या हाराचा गच्च झेंडू, कोबीसारखी जास्वंद, भरगच्च गुलाब. यांत पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच वाढलेल्या असतात, मधमाशीला आत शिरायला वाट नाही आणि शिरली तरी हाती फारसं काही लागत नाही. देवाला वाहायची साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद लावावी. शिंजीर तिच्याकडे येतो; देठाशी बाजूनं भोक पाडून मध चोरतो, पण येतो. कुंपणावर एकेरी झेंडू, जमिनीवर सदाफुलीपेक्षा तेरडा.

आता देशी की विदेशी, हा वाद. या वादात मी कुणाच्याच पूर्ण बाजूचा नाही. पानांच्या बाबतीत देशी झाडांना पर्याय नाही, कारण अळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक कुळांवरच जगतात. पण पानफुटी मादागास्करची, आणि ‘रेड पिएरो’ची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून बोगदे करत मजेत वाढते. एकदांडी मध्य अमेरिकेकडून आलेली, आणि नोव्हेंबरनंतर रस्त्याकडेला मध मिळवण्यासाठी लहान फुलपाखरांना तिचाच आधार. शहराच्या मध्यावर, गॅलरीत, अशा पाहुण्या झाडांवर डोळे वटारण्यात अर्थ नाही. घाणेरीचं तसं नाही. तिच्या फुलांवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण फळं बुलबुल खातात आणि बी दूरवर टाकतात. डोंगराच्या पायथ्याला, जंगलाला लागून घर असेल तर घाणेरी लावणं हा शेजाऱ्याच्या शेतात तण पेरण्याचाच प्रकार. उंच वाढणारा ‘खोटा अशोक’ बिल्डर लोकांचा लाडका आणि वृक्षप्रेमींचा नावडता. पण ‘टेल्ड जे’ या चपळ हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराला तोही चालतो. सोनचाफा असेल तर उत्तमच. कण्हेर असू द्यावी: ‘कॉमन क्रो’चा कोश तिच्या पानाखाली लटकतो तेव्हा स्टीलचा दागिना टांगल्यासारखा चमकतो.

थंडीत बागेला फारसं काम नसतं, आणि तेच बरं. दोनच गोष्टी. परसात किंवा कुंडीत कोथिंबीर लावली असेल तर सगळी खुडू नये, एक वाफा फुलू द्यावा. तिच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्यांबरोबर पट्टेरी फुलमाश्या येतात. त्या चावत नाहीत आणि त्यांच्या अळ्या मावा खातात, म्हणजे शेजारच्या वालाची राखण फुकटात. दुसरी तुळस. झाड डेरेदार राहावं म्हणून मंजिऱ्या खुडायची पद्धत चांगलीच आहे, पण तुळशीचं लग्न लागलं की काही मंजिऱ्या राहू द्याव्यात. त्यांवर निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी येते, हवेत थांबत, झपकन जागा बदलत. तीच टोमॅटो-वांग्याच्या फुलाला मिठी मारून पंखांच्या स्नायूंनी अशी थरथरवते की आत अडकलेले पराग खाली सांडतात. पाळीव मधमाश्यांना ही विद्या येत नाही.

माघ-फाल्गुनात चित्र पालटतं. पाणी आटलेलं, गवत वाळलेलं, आणि पांगारा, पळस, काटेसावर पानं टाकून लाल-भगव्या फुलांनी पेटलेले. फुललेल्या काटेसावरीखाली सकाळी तासभर उभं राहिलं तर मैना, भांगपाडी मैना, कावळे, कोतवाल, शिंजीर, खारी असा सगळा लवाजमा एकाच झाडावर दिसतो. मोठ्या आवारात यांतलं एक तरी झाड हवं. पांगाऱ्याला नर्सरीही लागत नाही. पाऊस तोंडावर असताना हातभर जाडजूड फांदी रोवली की ती जीव धरते. कोकणात आणि गोव्यात मिरीचे वेल चढवायला हीच युक्ती वापरत आले आहेत. कोकणातल्या कुंपणांत पांगारा, निर्गुडी, एरंड असायचे. एरंडावर ‘कॅस्टर’ जातींची फुलपाखरं वाढायची. आता जांभ्या चिऱ्याची भिंत येते, वर काचा.

जाता जाता बांडगुळाबद्दल. आंब्याच्या बागायतदारानं ते काढलंच पाहिजे, झाडाचं पोषण ते खातं. पण रस्त्याकडेच्या थोराड झाडावर एखादं बांडगूळ असलं तर हळहळू नये. इवलासा फुलटोच्या त्याच्या फळांवर जगतो आणि चिकट बी फांदीवर पुसून पुढे पसरवतो. ‘कॉमन जेझबेल’ या पिवळ्या-लाल देखण्या फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. आपण ज्याला शिवी म्हणून वापरतो त्याच्यावर दोघांचा संसार आहे.

आणि मग येते दुसरी कात्री, चैत्र-वैशाखातली. पावसाळ्यापूर्वीची छाटणी. वादळात फांदी गाडीवर पडू नये ही काळजी रास्त आहे, पण ज्या आठवड्यांत ही छाटणी जोरात चालते त्या आठवड्यांत कावळ्यांची घरटी वर असतात, शिंजिराचं कोळिष्टकांनी विणलेलं लोंबतं घरटं खालच्या फांदीला असतं, आणि वाळक्या मऊ खोडात तांबटानं गोल दार कोरलेलं असतं. पिल्लांना या काळात अळ्या-किडे लागतात. मध पिणारा शिंजीर आणि दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांच्या चोचीत किडेच घालते. झाड तोडायला १९७५ च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे अर्ज-विनंत्यांत दिवस जातात आणि करवत नेमकी मे महिन्यात उगारली जाते. अर्ज दिवाळीनंतर टाकला तर तेच काम पौषात उरकता येतं. झाडाला फारसं कळत नाही, घरटी वाचतात. धोका नसलेली एखादी वाळकी फांदी तर राहू द्यावी. भुंग्यांनाही पोखरायला लाकूड लागतं.

उन्हाळ्यात पाण्याचं उथळ पात्र सगळेच ठेवतात, तेव्हा सांगायला नको. फक्त ते दर दोन-तीन दिवसांनी घासून रिकामं करावं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचतात, आणि महापालिकेचा माणूस नोटीस देऊन गेला की पक्ष्यांचं पाणीच बंद होतं. बागेच्या कोपऱ्यात थोडी माती ओली ठेवली तर नर फुलपाखरं क्षार चोखायला तिथे उतरतात. पाचोळा जाळू नये, झाडाखाली ढीग करावा. मृगाच्या आधी बहाव्याला आणि कासोदाला कोवळी पालवी फुटते तेव्हा एमिग्रंटच्या अळ्या फांद्याच्या फांद्या फस्त करतात. दोन आठवडे झाड विरळ दिसतं, घाबरून फवारा मारू नये.

हे जमतं का? मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीच्या समोर, कचरा टाकून टाकून उंच झालेल्या जागेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं आहे. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे फुलपाखरं आहेत, पक्षी आहेत, शाळांच्या सहली येतात. कचराभूमीवर जमलं, तर पार्किंगच्या मागच्या वीस फुटांवर न जमायला कारण नाही.

कारणं असतात ती बैठकीत. आमच्याकडेही दर वर्षी तीच तीन निघतात. साप येतील. डास होतील. दिवाळीला पाहुणे येतात, काय म्हणतील. सापाचं म्हणणं टाळण्यासारखं नाही. लहान मुलं खेळतात. पण साप उंदरांमागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. म्हणून वाटेच्या आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंचं चार-पाच फूट गवत आखूड ठेवावं, कचऱ्याच्या डब्यांना झाकणं लावावीत आणि रान राखायचं ते मागच्या भिंतीला. डास पाण्यात होतात, टाकळ्यात नाही. पाहुण्यांचा मुद्दा सर्वांत अवघड, कारण तो खरा मुद्दा असतो. त्यासाठी एक साधा उपाय चालतो: राखलेल्या पट्ट्याची कड सुतानं ओढल्यासारखी सरळ कापायची आणि पुढे विटांची ओळ लावायची. आत रान असलं तरी चालतं. ते माजलेलं नाही, राखलेलं आहे, हे बघणाऱ्याला कळलं की तक्रार निम्म्यावर येते.

कापणी दोन हप्त्यांत करावी. दर्शनी भाग दिवाळीआधी, मागचा पट्टा डिसेंबर संपता संपता, तोवर टाकळ्याच्या शेंगा तडकून बी पडलेलं असतं. कटरचं पातं जमिनीला टेकवू नये, घोट्याएवढी खुंटं ठेवावीत; कोश बहुधा खालच्या काड्यांना असतात. कापलेलं गवत लगेच ट्रॉलीत न भरता दोन दिवस तिथेच पडू द्यावं, म्हणजे त्यातल्या अळ्यांना शेजारच्या झाडावर सरकायला वेळ मिळतो. कंत्राटदार दोन फेऱ्यांचे जादा पैसे मागतो. त्यावर घासाघीस करावी लागते, आणि ती ऑगस्टमध्येच केलेली बरी. गणपतीनंतर त्याचा फोन लागत नाही.